पी ०१३५ कोड आलाय, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर बदलावे लागतील का?

पाऊलवाट:
२०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १२ हजार किमी. चेक इंजिनचा दिवा लागलाय, स्कॅनरवर पी ०१३५ दिसतो. मायलेज १६ वरून १३ वर आलंय. गॅरेजवाले पुढचा आणि मागचा, दोन्ही सेन्सर बदला म्हणतात. मल्टिमीटर आणि ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचा डेटा मोबाइलवर दाखवणारं) जवळ आहे. घरी काय तपासू?

तेलपाणी:
मागच्याला हात लावू नका. पी ०१३५ हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणारा डबा) आधीच्या सेन्सरच्या हीटर सर्किटचा कोड आहे. मागच्या हीटरचा पी ०१४१ असतो.

सेन्सरच्या टोकाला शिवणकामातल्या अंगुस्तानासारखी झिर्कोनियाची टोपी असते, दोन्ही बाजूंनी प्लॅटिनमचा पातळ थर. आतून ताजी हवा, बाहेरून धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असला की व्होल्टेज तयार होतं, पण टोपी साधारण ३०० अंशांच्या वर तापल्यावरच. तिथवर लवकर पोचवायला हीटर. तो गेला की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बराच वेळ सेन्सरकडे न बघता ठरलेल्या हिशोबाने पेट्रोल सोडत राहतो. मायलेज तिथे जातं.

आधी फ्यूज बघा. मग थंड इंजिनवर सेन्सरचा कनेक्टर सोडा. चार तारांपैकी एकाच रंगाच्या दोन बहुतेक वेळा हीटरच्या असतात. त्यांच्यात साधारण ३ ते १५ ओहम यायला हवेत (नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल). मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय. ओहम बरोबर असतील तर इंजिन चालू करून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का ते बघा. येत नसतील तर दोष वायरिंगचा, सेन्सरचा नाही.

नट-बोल्ट:
डोंगलवर लाइव्ह डेटाही बघा. इंजिन पूर्ण तापवून २,५०० आरपीएमवर धरा. पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सेकंदाला निदान एकदा वरखाली झाला पाहिजे. मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत असेल तर सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही ठीक. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबल्यावर पुढच्याने ०.८ च्या वर उडी मारायला हवी, सोडल्यावर शून्याकडे यायला हवं. रेंगाळत असेल तर म्हातारा झालाय. हे आकडे साध्या झिर्कोनिया सेन्सरचे. हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरला लावू नका.

कायम लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) दाखवणारा सेन्सर दर वेळी खोटं बोलत नसतो. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून धूर गळत असला की तिथूनच हवा आत ओढली जाते आणि सेन्सर तेच सांगतो.

आणि काढल्यावर टोक नक्की बघा. काळी काजळी म्हणजे गाडी रिच (पेट्रोल जास्त) चालतेय. पांढरी भुकटी बहुधा सिलिकॉन सीलंटची. इंजिन ऑइल खात असेल तर टोकावर राख साचते. कूलंट आत जात असेल तर त्यातले सिलिकेटही टोकावर थर धरतात. मूळ दोष तसाच ठेवलात तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. पेट्रोलने किंवा कार्ब क्लीनरने धुऊन हे थर निघत नाहीत, तो खटाटोप करू नका.

पाऊलवाट:
फ्यूज ठीक. गाडीच्या बाजूला १२ व्होल्ट येतात. हीटरच्या तारांमध्ये मीटर काहीच दाखवत नाही.

तेलपाणी:
मग फक्त पुढचा बदला. गाडीच्याच कनेक्टरचा घ्या, तारा जोडायचा युनिव्हर्सल नको. आतली हवा बऱ्याच सेन्सरमध्ये तारांच्या पोकळीतूनच येते. सोल्डर केलं की वाट बंद. कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रेही नको.

आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी इंजिन कोमट असताना तार बाहेर काढायला बाजूला चीर असलेल्या २२ मिमीच्या सॉकेटने काढा. नव्याच्या आट्यांना बहुतेक वेळा पेस्ट (आट्या जाम होऊ नयेत म्हणून) लावूनच येते, ती टोकाला लागू देऊ नका. १८ मिमीच्या आट्यांना ४० ते ५० न्यूटन-मीटर पुरे. हातातून पडला तर बसवू नका, आतलं सिरॅमिक तडकतं आणि बाहेरून दिसत नाही.