मदत हवी आहे : हार्पर्स फेरीतल्या साध्या माणसांबद्दल

मंडळी, अमेरिकन यादवी युद्धातल्या हार्पर्स फेरीबद्दल वाचतेय. पोटोमॅक आणि शेनान्डोआ नद्यांच्या संगमावरचं चिमुकलं गाव, बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचा पूल इथेच. एप्रिल १८६१मध्ये माघार घेताना उत्तरेच्या सैनिकांनी स्वतःचाच शस्त्रकारखाना पेटवला, जूनमध्ये दक्षिणेच्या फौजेने पूल उडवला. सप्टेंबर १८६२मध्ये दक्षिणेच्या सेनापती जॅक्सनने भोवतालच्या डोंगरांवर तोफा चढवल्या आणि उत्तरेचे १२,०००हून जास्त सैनिक शरण आले.

लढायांवर ढिगाने पुस्तकं आहेत. पण कारखाना जळाल्यावर कारागीर गेले कुठे? मागे राहिलेल्या बायकांनी घरं कशी चालवली? गुलामीतून पळून इथे आसऱ्याला आलेल्यांचं पुढे काय झालं? जीव यातच अडकलाय. तिथल्या रहिवाशांची पत्रं, डायऱ्या कुठे वाचायला मिळतील? कोणी तिथे जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.