डेपोवर जाऊन कचऱ्याचं वर्गीकरण करायचंय, नमुना नक्की कुठून घेऊ?

ओलासुका_२३: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मुंबईच्या घरगुती कचऱ्यात काय किती टक्के असतं ते काढायचंय. गाईड म्हणतात कांजूरमार्गच्या कचरा डेपोची परवानगी काढ, दोन दिवस जा, दहा पोती भर, वेगळं करून वजन कर, झालं. मला हे फार सोपं वाटतंय म्हणून विचारतेय. कोणी केलंय का आधी?

घंटागाडी: केलंय, दुसऱ्या शहरात. पहिली गोष्ट, डेपोवर पोचतो तो घरातला कचरा नसतोच. रद्दी, बाटल्या, पत्रा, चांगला पुठ्ठा भंगारवाल्याकडे आधीच गेलेला असतो, उरलेलं वेचणारे आणि गाडीवरची पोरं काढतात, मग तुझ्या ढिगात पुठ्ठा कमी दिसतो आणि तू लिहितेस मुंबईकर पुठ्ठा वापरत नाहीत 😄 त्यात कॉम्पॅक्टरमध्ये सगळं दाबलं जातं, वरणभाताचं पाणी कागदात मुरतं आणि बाकीचं रस्ताभर गळत जातं (त्या गाडीमागे बाईकवर अडकलेल्यांना विचार). ओला कमी, कागद जड. म्हणून थोडा नमुना १०५ डिग्रीला वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवायचा आणि ओलावा वेगळा दाखवायचा.

पोती कुठूनही भरू नकोस. गाडी ताडपत्रीवर रिकामी करून नीट कालवायची, ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकी बाजूला, हवं तेवढं वजन उरेपर्यंत परत तेच. एएसटीएमच्या (मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) पद्धतीत एका नमुन्याला ९१ ते १३६ किलो धरतात. आणि दोन दिवस नाही गं, निदान पूर्ण आठवडा, रविवारची मच्छी-मटण आणि सोमवारची गाडी वेगळी असते. मे महिन्यात आंब्याच्या कोयी, दिवाळीआधी माळ्यावरचं सगळं, गणपतीत निर्माल्य... एका सीझनच्या आकड्यावर वर्षाचं बोलू नकोस.

जुनीरद्दी: मग घरोघरी फॉर्म भरून घे की, सोपं पडेल

घंटागाडी: फॉर्मवर भरवसा नको. अमेरिकेत टुसॉनला विल्यम राथजे म्हणून पुरातत्त्ववाले होते, त्यांनी १९७३ पासून लोकांचा कचरा उपसून तपासला. लोक सांगत त्यापेक्षा बिअरचे कॅन जास्त निघायचे. पुढे त्यांनी डंपिंग ग्राउंड पण खोदली तर कित्येक दशकं जुनी वर्तमानपत्रं वाचता येतील अशी निघाली, खाली हवा-पाणी पोचत नाही म्हणून कुजत नाही. म्हणजे जुना थर उपसून आजच्या घरांबद्दल काही सांगता येणार नाही. मुंबईतलं देवनारचं डंपिंग ग्राउंड तर १९२७ सालचं, तिथे खणलंस तर पणजोबांचा कचरा निघेल.

ओलासुका_२३: बापरे. मग सोसायटीच्या डब्यातून घेऊ का?

घंटागाडी: दोन्हीकडून घे, सोसायटीच्या गेटवर आणि डेपोवर. दोन्हींतला फरक हाच तुझा प्रोजेक्ट, भंगारवाल्यांचं काम त्यातच दिसतं. चाळ, टॉवर, झोपडपट्टी वेगवेगळे मोज, आणि लोकांना आधी सांगू नकोस, नाहीतर त्या आठवड्यापुरते सगळे शहाणे होतात. टक्के वजनाचे की आकारमानाचे तेही लिही, प्लास्टिकच्या पिशव्यांनी पोतं भरतं पण काटा हलत नाही.

जुनीरद्दी: डायपर, पॅडला वेगळा कप्पा ठेव, 'इतर'मध्ये टाकू नकोस. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा, ब्लेड कुठेही निघतं.

ओलासुका_२३: आता हे सगळं गाईडना कसं सांगू तेवढं सुचवा 😭