पॅकेज बिघडलं की थेट पर्ज? मला पटत नाही

खाडीकाठ: पावसाळ्यात अपडेट चालू असताना लाईट गेली, पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा गठ्ठा, अर्धवट राहिलं, की हमखास सल्ला मिळतो: पर्ज मार (सेटिंगसकट पुसून टाक), नव्याने टाक. डेबियन-उबुंटू या लिनक्सवर तो शेवटचा उपाय आहे. आधी टर्मिनलमध्ये 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' (डीपीकेजी आणि एपीटी ही पॅकेजं बसवणारी साधनं). बरीचशी दुखणी इथेच थांबतात. फाईल खराब झाली असेल तर 'एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल'. प्रोग्रामच्या फाईली पुन्हा बसतात, सेटिंगला हात लागत नाही.

माडाखाली: सेटिंगला हात लागत नाही हेच तर दुखणं! बिघाड ईटीसीतल्या (सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरमधल्या) फाईलीत असेल तर दहा वेळा रीइन्स्टॉल करा, फरक शून्य. लोक ती फाईल हाताने उडवतात आणि रीइन्स्टॉल करतात, तरी ती परत येत नाही. मालकाने मुद्दाम काढली असं डीपीकेजी समजतं. त्यापेक्षा पर्ज बरं.

खाडीकाठ: त्यासाठी पर्ज कित्याक? 'सुडो एपीटी -ओ डीपीकेजी::ऑप्शन्स::="--फोर्स-कॉन्फमिस" इन्स्टॉल --रीइन्स्टॉल' आणि पुढे पॅकेजचं नाव. गेलेली फाईल मूळ रूपात येते. मात्र नाव त्या फाईलीच्या खऱ्या मालकाचं हवं, ते 'डीपीकेजी -एस' (मोठा एस) आणि फाईलीचा पत्ता दिला की कळतं. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची सेटिंग एन्जिनएक्स-कॉमन या वेगळ्या पॅकेजच्या नावावर असते. म्हणजे नुसतं एन्जिनएक्स पर्ज केलंत तरी बिघडलेली फाईल जागच्या जागी!

माडाखाली: हा मुद्दा मान्य. पण नुसतं रिमूव्ह केलेली पॅकेजं 'डीपीकेजी -एल'च्या (लहान एल) यादीत 'आरसी' अशी लटकत राहतात, सेटिंग मागे ठेवून. जे पुन्हा लागणारच नाही ते पर्जच करावं.

बंदरावर: पुन्हा लागणार नसेल तर करा की. पण मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर पर्ज करताना डेटाबेस पुसू का असं विचारतो. घाईत 'हो' दाबलंत तर व्हार-लिब फोल्डरमधला अख्ख्या हंगामाचा पेट्यांचा हिशेब गेला, रीइन्स्टॉलने तो येत नाही. आधी 'मारियाडीबी-डम्प'ने डेटाबेसची प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवा, ईटीसीचं टार (एका फाईलीत गठ्ठा) करा. उलट होम फोल्डरमधल्या .कॉन्फिगला (तुमच्या स्वतःच्या सेटिंगला) पर्ज शिवतही नाही. ब्राउझर पर्ज करूनही जुनीच कटकट राहते ती म्हणूनच.

आणि दोघेही एक विसरलात, रेंज. काढण्याआधी 'एपीटी इन्स्टॉल --रीइन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली' चालवा. डेब फाईली (पॅकेजच्या मूळ फाईली) व्हार-कॅश-एपीटी-आर्काइव्ह्ज फोल्डरमध्ये येऊन बसतात. नेट जोडून देणारं नेटवर्क-मॅनेजर आधी काढलंत तर नवीन आणणार कुठून?

माडाखाली: बरं, पर्जआधी एपीटीला '-एस' (लहान एस) लावून कोरडी तालीम करायची एवढं तरी सगळ्यांना मान्य आहे ना? जाणाऱ्यांच्या यादीत उबुंटू-डेस्कटॉप (डेस्कटॉपची पॅकेजं एकत्र बांधणारं पॅकेज) दिसलं की थांबायचं. बरेच प्रोग्राम ज्यावर चालतात ते पायथन३ काढायला गेलात तर ते दिसणारच.

खाडीकाठ: मान्य. ऑटोरिमूव्हची (आता नकोत म्हणून आपोआप काढायच्या पॅकेजांची) यादीही वाचा, हवं ते 'एपीटी-मार्क मॅन्युअल'ने राखा. चुकून गेलंच तर व्हार-लॉग-एपीटीतल्या हिस्टरी लॉगमध्ये नावं मिळतील. पर्जचं मत मात्र तेच.