मदत हवी आहे: टॉवेलचं वजन नेमकं कधी कधी बदललं? पेल्ट शंभरावर बदल-बिंदू दाखवतंय

टॉवेलवाला: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. वजनाच्या रोजच्या नोंदींवर पायथन या संगणकभाषेच्या 'रप्चर्स' संचातून पेल्ट (नोंदींत बदल कुठं कुठं झाले ते शोधणारी पद्धत) चालवलं. एल-टू (सरासरीपासूनच्या फरकांचे वर्ग मोजणारा खर्च), पेनल्टी (दर नव्या बिंदूचा दंड) 10. शंभरावर बिंदू आले! खरे बदल फार तर सात-आठ असतील. वर सगळे बिंदू 5 च्याच पटीत. लवकर सांगा, वजन कमी भरलं म्हणून व्यापाऱ्यानं बिल अडवलंय.

शून्यकोटी: नोंदी किती? एका मागाच्या की सगळ्या एकत्र? ग्रॅम की किलो? याशिवाय पेनल्टी कशी सांगू?

जुनी_गिरणी: पेल्ट कशाला? कुसम आलेख, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या चालत्या बेरजेचा आलेख काढा. पेजनं 1954 मध्ये दिलेली पद्धत आहे. मी गिरणीत आयुष्यभर वही-पेन्सिलीवर तोच काढला.

शून्यकोटी: काका, कुसम रोजच्या देखरेखीला उत्तम. इथं जुन्या नोंदींत अनेक बदल एकदम शोधायचेत, पेल्ट (2012) त्यासाठीच आहे. वजन उतरून पुन्हा चढलं तर कुसमच्या एका चाचणीत ते निसटू शकतं.

जुनी_गिरणी: चाचणीत निसटेल. आलेखाचा उतार जिथं मोडतो तिथं बदल, ते डोळ्याला दिसतंच की ओ.

भीमाकाठ: सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. व्यापाऱ्याला ते ऐकवा.

टॉवेलवाला: जीआयचा इथं काय संबंध? 1100 दिवस, एकच माग, रोज दहा टॉवेलची सरासरी, ग्रॅममध्ये. चढउतार (प्रमाण विचलन) 6 ग्रॅमचा.

शून्यकोटी: मग गोम तिथंच आहे. एल-टूचा खर्च ग्रॅमच्या वर्गात असतो. पेनल्टी साधारण 2 × 36 (6 चा वर्ग) × नैसर्गिक लॉग 1100, म्हणजे 504 च्या आसपास हवी. 10 वर प्रत्येक खडबड बदल ठरते. तो 6 सगळ्या नोंदींचा काढला असेल तर चूक, त्यात बदलही मिसळलेत. लागोपाठच्या दिवसांच्या फरकांचं प्रमाण विचलन काढून 1.41 नं भागा. आणि 'जंप' (किती नोंदींच्या अंतरानं बिंदू तपासायचे) दिला नाही तर 5 धरला जातो, म्हणून सगळे 5 च्या पटीत आले; तो 1 करा.

बीमवाला: हवेचं कुणीच बोलत नाही. कापूस ओलावा पितो, व्यवहारात 8.5 टक्के धरतात. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हानंतर जूनमध्ये वजन हळूहळू चढतं. पेल्ट त्या चढाच्या पायऱ्या करणार. वजनासोबत आर्द्रता लिहा.

टॉवेलवाला: फरकांवरूनही 6 च आला. पेनल्टी 504, जंप 1: नऊ बिंदू. जॉबरच्या (माग जुळवणाऱ्याच्या) वहीशी ताडले. पाच ठिकाणी दोन दिवसांच्या आत बीम (उभ्या सुतांचा रूळ) बदललाय. व्यापाऱ्याच्या मालाच्या आदल्या दिवशी 14 ग्रॅमची उतरण, आणि वहीत कोपऱ्यात पेन्सिलीनं 'पिकाचं चाक बदललं' (पिक म्हणजे आडवा धागा; ते किती दाट बसतात ते हे चाक ठरवतं). म्हणजे माल खरंच हलका गेला. बिलातून तेवढे कमी करून देतो. उरलेल्या तिनातले दोन जूनचे आहेत, आर्द्रता कुठं लिहिलेली नाही. ते गाळू का?

बीमवाला: गाळू नका. उद्यापासून लिहायला लागा, पुढच्या जूनला ताडून बघा.