हिमनदी "वितळायच्या आत" बघायची म्हणे

लातूरकर:
परवा इथं एका दादांनी अलास्काच्या क्रूझचे फोटो टाकले, खाली लिहिलं, "वितळून जायच्या आत प्रत्येकानं हिमनदी बघून घ्यावी." बर्फ वितळवणारा धूर सोडत जायचं आणि त्याचंच शेवटचं दर्शन घ्यायचं? १७९४ ला तिथल्या ग्लेशियर बे या खाडीच्या तोंडाशी असलेलं बर्फ आता शंभर किलोमीटरच्या आसपास मागं गेलंय.

संभाजीनगरकर:
ती पोस्ट माझीच. १८७९ ला निसर्गअभ्यासक जॉन म्यूर तिथं गेला तेव्हाच बर्फ कितीतरी मागं सरकलं होतं. तेव्हा कुठं होत्या क्रूझ? आणि तिथं शिस्त आहे. दिवसाला दोनच मोठी जहाजं आत सोडतात, तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात. सील पिल्लं घालतात त्या जॉन्स हॉपकिन्स खाडीत क्रूझला ऑगस्टअखेरपर्यंत बंदी. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं होतं. कडा निखळून पाण्यात पडलेला आधी दिसला, गडगडाट मागून आला. माझ्या आईच्या डोळ्यात पाणी आलं. त्याला तुम्ही धूर म्हणता?

लातूरकर:
आईंना नमस्कार. पण २००१ मध्ये त्याच भागात क्रूझच्या धडकेत गाभण हंपबॅक देवमासा मेला, हेही लिहा की.

पैठणकर:
दोघंही अलास्कातच अडकलात. आपला जायकवाडीचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात पहाटे काठावर या, रोहित पक्षी चोच उलटी करून चिखल गाळताना दिसतील. पण वरच्या धरणांतून पाणी सुटलंच नाही तर पक्षी उतरणार कुठं? दरवर्षी नाशिक-नगरशी भांडायचं!

लातूरकर:
आणि आलेलं पाणी उसाला! २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीत घागरींची रांग रात्रभर हलत नव्हती. ऊस मात्र उभाच होता.

पैठणकर:
उसाच्या नावानं शेतकऱ्याला झोडू नका. हमखास पैसा देणारं दुसरं पीक दाखवा, उद्या मोडतो ऊस. तूर-सोयाबीनचा भाव कोण देतो? माझ्या वडिलांनी ठिबक बसवलं, अनुदानासाठी चपला झिजवल्या.

लातूरकर:
ठिबकवाल्याला कोण बोलतंय? मोकाट पाटपाणी सोडणाऱ्यांना बोलतोय.

संभाजीनगरकर:
विषय क्रूझचा होता! बरं, देवमाशाचं मान्य, जहाजांचा वेग अजून कमी हवा. पण मी गेलो नसतो तर तुमच्या घागरी भरल्या असत्या का?

लातूरकर:
नसत्या भरल्या, एवढं कबूल. "प्रत्येकानं" हा शब्द तेवढा काढा. प्रत्येकजण गेला तर दोन जहाजांचा नियम किती दिवस टिकेल?