छोट्या खोलीतली बँड प्रॅक्टिस: आवाज ड्रमरनेच आवरायचा का?

मंद्रसप्तक

आमचा चौघांचा बँड आहे. गिटार, बेस, ड्रम्स आणि गायला मी. प्रॅक्टिस पुण्यात एका मित्राच्या घरी, दहा बाय बाराच्या खोलीत. खाली टाइल्स, वर स्लॅब, भिंती कोऱ्या. इथे बरेच जण अशाच खोल्यांत वाजवत असतील म्हणून मत मांडतोय. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर भांडावं.

छोट्या खोलीत आवाजाची पातळी ड्रम्स ठरवतात. गिटारला, बेसला, माइकला बटण आहे, किटला नाही. दणकून वाजवलेलं किट जवळून १०० ते ११० डेसिबलपर्यंत सहज जातं. मग पुढचं ठरलेलंच. गिटारवाल्याला स्वतःचं ऐकू येत नाही, तो अ‍ॅम्प वाढवतो. बेसवाला त्याच्यामागे. शेवटी माझा माइक वाढतो आणि स्पीकर शिट्टी मारायला लागतो. वर माइकमध्ये माझ्याबरोबर क्रॅशही (किटवरची मोठी सिंबल, म्हणजे धातूची थाळी) शिरतो, म्हणजे माइक वाढवला की सिंबलही वाढते. मी घसा ताणून गातो, सूर चढतात, शब्द कुणापर्यंत पोचत नाहीत.

माझं म्हणणं असं की आधी गाणाऱ्याचा माइक लावा, शिट्टी न मारता जेवढा वर जाईल तेवढा. ती झाली मर्यादा. ड्रमरने तिच्या खाली वाजवायचं आणि बाकीच्यांनी ड्रमरच्या बरोबरीने. पहिली जबाबदारी ड्रमरचीच.

रिमशॉट

अजिबात पटलं नाही. मी ड्रमर आहे आणि "जरा हळू" हे दोन शब्द ऐकून ऐकून कान किटले आहेत.

कातडं एका ठरावीक ताकदीने मारलं तरच खुलतं. त्याखाली गेलात की किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) खालचा दणका नाहीसा होतो, टॉम (किटवरचे छोटे ड्रम) पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात. हात आखडले की लयही मागे पडायला लागते, आणि तेव्हा "आज ढिला वाजवतोयस" हेही ड्रमरच ऐकतो. महिनोन्‌महिने दबून प्रॅक्टिस करायची आणि स्टेजवर अचानक पूर्ण हात सोडायचा, हे जमत नाही. अंगाला जी सवय लावाल तीच स्टेजवर येते.

दुसरं म्हणजे अ‍ॅम्प. तुमच्या गिटारवाल्याचा अ‍ॅम्प जमिनीवर आहे का? असणारच. म्हणजे स्पीकरचं तोंड त्याच्या पोटऱ्यांकडे. त्याला स्वतःला धड ऐकू येत नाही म्हणून तो वाढवतो, आणि तो सगळा मारा समोर बसलेल्या माणसाच्या कानावर. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा, मागे कलवा, तोंड त्याच्या कानाकडे करा. तो आपणहून कमी करेल. त्यानंतर ड्रमरशी बोला.

तिसरं, तुम्ही प्रॅक्टिसला उभे कसे राहता? स्टेजसारखे, ड्रम्सकडे पाठ करून?

मंद्रसप्तक

हो, ड्रम्स माझ्या मागेच असतात. त्याने काय फरक पडतो?

रिमशॉट

सगळा फरक तिथेच आहे. गायकांचे नेहमीचे माइक, उदाहरणार्थ शुअरचा एसएम ५८, समोरून येणारा आवाज उचलतात आणि पाठीमागून येणारा बराच टाळतात. तुम्ही ड्रम्सकडे पाठ केलीत की माइकचं तोंड तुमच्याकडे, म्हणजेच थेट किटकडे. सिंबल शिरणारच. प्रॅक्टिसला प्रेक्षक नसतात. वळा, ड्रमरकडे तोंड करून गा. मग किट माइकच्या पाठीला येतं. स्पीकरही किटच्या शेजारी, माइकच्या पाठीकडे ठेवा, शिट्टीही उशिरा येईल. फुकटचा उपाय आहे. एकमेकांचे डोळे दिसतात म्हणून गाण्याचे शेवटही एकत्र पडतात, हा वरचा फायदा.

ब्रशवाली

रिमशॉट, माइकचं आणि अ‍ॅम्पचं शंभर टक्के बरोबर. पण हळू वाजवल्याने लय पडते हे कारण मला मान्य नाही. लय पडते कारण हळू वाजवायचा रियाज केलेला नसतो. जॅझचे ड्रमर छोट्याशा जागेत, माइक नसलेल्या डबल बेसच्या शेजारी बसून वाजवत आले आहेत, आणि त्यांची लय तसूभर हलत नाही. आपल्याकडे तबलजी बडा ख्यालाला विलंबित एकताल धरतो तेव्हा बोटांत ताकद नसते का? असते, फक्त ती आवरलेली असते.

करून बघायचं असेल तर एवढंच करा. स्नेअरवर (ड्रमरच्या समोरचा, खाली तारा असलेला ड्रम) स्टिकचं टोक चार बोटांपेक्षा वर उचलायचं नाही. सुरुवातीला मनगट अडखळतं, कारण उसळी कमी मिळते आणि प्रत्येक ठोका बोटांनी सांभाळावा लागतो. मेट्रोनोम लावून रोज थोडा वेळ हेच. टोक खाली असलं की वेगाने वाजवूनही आवाज वर जात नाही.

मंद्रसप्तक, तुमचंही एक चुकतंय. तुम्ही सरसकट "ड्रम्स" म्हणताय. छोट्या खोलीत गाण्यावर खरी कुरघोडी करतात त्या सिंबल. त्यांचा आवाज नेमका तिथेच पसरतो जिथे शब्दांतली व्यंजनं असतात, आणि कोऱ्या भिंतींवरून तो आपटत राहतो. तुमच्या ड्रमरला सांगा की अर्धी उघडी हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी सिंबलची जोडी) बंद कर, क्रॅशवर ठेका धरू नकोस, ती फक्त समेला. स्नेअरवर रिमशॉट, म्हणजे कातडं आणि कड एकदम मारणं, नको (त्या नावाच्या आयडीधारकाने राग मानू नये). स्टिक्स ५बी असतील तर ७ए घ्या, त्या बारीक आणि हलक्या. काड्यांच्या जुडीच्या रॉड्स मिळतात, त्या आणखी मऊ वाजतात.

स्नेअरवर टॉवेल टाकायला मात्र माझा विरोध आहे. बीटल्सच्या नंतरच्या रेकॉर्डिंग्जमध्ये रिंगो स्टारने ड्रम्सवर टी टॉवेल टाकले होते, पण ते त्या दबक्या नादासाठी. प्रॅक्टिसला टॉवेल टाकलात की उसळी मरते आणि ड्रमर नकळत जास्त जोरात मारतो.

साइड रिदम

मी ऑर्केस्ट्रावाला माणूस. तुम्हा मंडळींचा वाद वाचून आश्चर्य वाटतं. रोलँडचा ऑक्टापॅड, म्हणजे स्टिकने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड, १९८५ साली आला आणि मराठी ऑर्केस्ट्राने तो असा आपलासा केला की आज लग्नाच्या संगीतापासून गणपतीच्या कार्यक्रमापर्यंत तो दिसतोच. त्याचं एक कारण जागा आणि आवाज हेच आहे. घरच्या हॉलमध्ये तालीम, एक छोटा स्पीकर, शेजारी ढोलकी आणि गायिका माइकशिवाय. ढोलकी ऐकू आली पाहिजे, म्हणून पॅडचा आवाज ढोलकीच्या आवाजाखाली ठेवायचा. वाद संपला. मुलांनो, तालमीला पॅड वापरा, कार्यक्रमाला किट.

रिमशॉट

काका, ऑक्टापॅडबद्दल आदर आहे, पण आमच्या गाण्यात हाय-हॅट पायाने उघडते-मिटते, स्नेअरवर ब्रश फिरतो. ते पॅडवर बसत नाही. ज्याला चारही हातापायांनी वाजवायचंय त्याने जाळीच्या हेडचं इलेक्ट्रॉनिक किट घ्यावं, पण त्याचा खर्च कोण करणार? नेहमी ड्रमरच.

तळमजला

वादक नाही, खाली राहणारा आहे. वरती मुलगा इलेक्ट्रॉनिक किट वाजवतो. त्याच्या हेडफोनमध्ये संगीत असेल, माझ्या छतावर फक्त पेडलची धप धप येते. फरशीतून आलेला तो ठोका हवेतल्या आवाजापेक्षा जास्त त्रास देतो, कारण खिडकी लावून तो थांबत नाही. किटखाली लाकडी फळी आणि तिच्याखाली टेनिसचे चेंडू अडकवून तो मंच करतात. वरच्यांनी तो केल्यापासून धपधप बरीच मवाळली आहे. "इलेक्ट्रॉनिक घ्या" म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं.

आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा फोम लावून आवाज बाहेर जात नाही हा समज कृपा करून सोडा. त्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, माझ्या घरी येणारा किक तसाच येतो. बाहेर जाणारा आवाज अडतो तो जड भिंतीने आणि फटी बुजवल्याने. दाराखालची बोटभर फटही पुरते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. किटचे आकडे वर लिहिलेच आहेत. पुण्यात ढोल-ताशा पथकं सरावाला नदीपात्रात जातात, तिथेही वाद होतात, मग भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत काय?

मंद्रसप्तक

तळमजला, तुमचा मुद्दा रास्त आहे. आम्ही संध्याकाळी सातच्या आत संपवतो आणि शेजाऱ्यांना विचारून दिवस ठरवला आहे. फोम लावणार होतो, आता त्याऐवजी खोलीतलाच घुमारा कमी करायला गाद्या आणि जाड पडदे बघतो.

कानसेन

एवढ्या चर्चेत कानांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? अमेरिकेतल्या नायॉश या, कामाच्या ठिकाणच्या आरोग्य-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. हिशेब करत १०० ला पोचलात की उरतात १५ मिनिटं. तुमची प्रॅक्टिस किती वेळ चालते? घरी गेल्यावर कानात जी शिट्टी वाजत राहते तो इशारा आहे, आणि एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

पण कानात नुसते फोमचे बोळे घालू नका. ते वरचे सूर जास्त कापतात, सगळं गुदमरल्यासारखं ऐकू येतं आणि वादक भरपाईला आणखी जोरात वाजवतो. वादकांसाठीचे प्लग वेगळे मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात. तेच चौघांनीही घालावेत, आणि ड्रमरने सर्वांत आधी, कारण त्याचा कान सिंबलच्या सर्वांत जवळ असतो.

ब्रशवाली

+१. बेस वाजला की स्नेअरच्या खालच्या तारा आपोआप झणझणतात, त्या आवाजाने सगळे वैतागतात आणि तो झाकायला अजून वाढवतात. ड्रमर थांबलेला असताना बाजूची खटकी पाडून तारा सोडायची सवय लावा. गाणं बसवायच्या चर्चेत खोली एकदम शांत होते.

रिमशॉट

ठीक. चार बोटांचा रियाज मी करून बघतो आणि घरच्या खोलीत गायकाच्या खाली वाजवायलाही तयार आहे. पण एक अट. कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या प्रॅक्टिसेस मोठ्या जॅमरूममध्ये (भाड्याने मिळणाऱ्या प्रॅक्टिसच्या खोलीत), पूर्ण हाताने, आणि भाडं चौघांत सारखं. "किट तुझं, तर खोलीही तुझीच" हे आता नको.

मंद्रसप्तक

भाडं चौघांत, मान्य. पण तिथेही माइक आधी लागेल आणि किट त्यानंतर. यावर मी हटणार नाही.