फ्लॉप शो: तुमच्या घरी कोणता भाग लक्षात राहिला?

जसपाल भट्टींचा फ्लॉप शो हा विनोदी कार्यक्रम दूरदर्शनवर १९८९ ला लागला, १० भाग झाले आणि संपला. आमच्या घरी मात्र अजूनही कुणी खोटं बिल लावलं की आई म्हणते, "हा बघा भट्टी." तेव्हा तुम्ही बघायचात का? घरी काय बोलणं व्हायचं? सविस्तर लिहा, मला खरंच वाचायचंय.

*

पीएचडीचा भाग. माझा दादा तेव्हा पीएचडी करत होता. टीव्हीवर गाइड विद्यार्थ्याकडून घरची कामं करून घेतोय, आम्ही सगळे खो खो हसतोय आणि दादा एकदम गप्प, मान खाली घालून चटईची काडी उपसत बसलेला. आईच्या ते लक्षात आलं, तिने टीव्हीचा आवाज कमी केला आणि विचारलं, तुलाही करावं लागतं का रे असं? मग निघालं सगळं, सरांचा गॅस सिलिंडर सायकलवरून आणणं, मुलाला क्लासला सोडणं, दोन वर्षं चाललं होतं आणि घरी एका शब्दाने बोलला नव्हता. त्या रात्री जेवणं साडेदहाला झाली आमची.

*

आम्ही टेलिफोनवाला!! आमचा फोन महिनोन्महिने डेड असायचा, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. भाग चालू असतानाच बाबा उठले, रुमाल बाजूला करून रिसीव्हर कानाला लावून आले. नव्हताच चालू.

*

शेवटी जुन्या हिंदी गाण्यांच्या चालीवर विडंबन असायचं ना, त्यासाठी आम्ही भावंडं शेवटपर्यंत हलायचो नाही.

*

मी तेव्हा सरकारी नोकरीत होते. मला भट्टींचं सगळ्यात काय आवडायचं सांगू, ते स्वतः कधी सज्जन झाले नाहीत, लबाड माणसाचं काम स्वतःकडे घ्यायचे, बायको म्हणून सविता भट्टी, सोबत विवेक शौक. त्यामुळे उपदेश वाटायचा नाही, आपल्याच टेबलावरचा माणूस वाटायचा. मेडिकल बिलांचा भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सेक्शनमधल्या एकांनी भरलेला क्लेम फॉर्म ड्रॉवरमधून काढला, माझ्यासमोर फाडला आणि चहाला चला म्हणाले. २०१२ मध्ये भट्टी अपघातात गेले तेव्हा पहिला फोन त्यांचाच आला मला.